लाइट गेली नाही, तरी पल्प गेला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात कॅनिंगच्या आंब्याचा दर पडल्याची बातमी होती. बागायतदार म्हणतात फॅक्टरीवाले लुटतात, फॅक्टरीवाले म्हणतात बाहेर मागणी नाही, दोन्ही बाजू छापल्यात, बरं केलंत. पण तिसरी एक गोष्ट आहे जी दोघंही बोलत नाहीत आणि ती मी रोज बघतो म्हणून हे पत्र. मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका कॅनिंग युनिटला इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. मालक नाही, पुढारी नाही, वीज कंपनीत पण नाही. लिहायची सवय नाही, जसं बोलतो तसं टाइप करतोय, शुद्धलेखन तुमच्या माणसांनी बघून घ्यावं.

आमचं खरं नुकसान लाइट जाते तेव्हा होत नाही. लाइट गेली की सगळ्यांना कळतं, जनरेटर चालू होतो, सबस्टेशनला फोन जातात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिव्या पडतात, तासाभराने येते. नुकसान होतं ते लाइट नुसती लुकलुकते तेव्हा. तुम्ही घरात टीव्ही बघताय, ट्यूब एकदा मिचकते, पंख्याला तर कळत पण नाही, तुम्ही मान वर करता आणि परत टीव्हीत. तेवढ्या वेळात आमची अख्खी लाइन बंद पडलेली असते. इंजिनीअर लोक ह्याला व्होल्टेज सॅग म्हणतात, कोणी डिप म्हणतात, आम्ही झटका म्हणतो. व्होल्टेज ९० टक्क्यांच्या खाली आलं आणि मिनिटाच्या आत परत जागेवर गेलं की तो सॅग. आपली लाइट ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची, आणि बहुतेक झटके पाच-दहा-वीस सायकलींचे, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतच खेळ खलास.

लाइन का बंद पडते ते सांगतो. प्रत्येक मोटरमागे पॅनेलमध्ये एक कॉन्टॅक्टर असतो, म्हणजे मोटरची लाइट जोडणारा-तोडणारा स्विच, त्याची कॉइल व्होल्टेजच्या जोरावर धरून बसलेली असते. आयईसी म्हणजे विजेच्या सामानाची स्टँडर्ड ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या स्टँडर्डप्रमाणे हा कॉन्टॅक्टर ८५ टक्के व्होल्टेज असलं तरी बसला पाहिजे, पण सुटायचा कुठे, तर २० ते ७५ टक्क्यांच्या मध्ये कुठेही, एवढी मोकळीक बनवणाऱ्यांना आहे. त्यामुळे एकाच पॅनेलमध्ये एक कॉन्टॅक्टर ७० ला सुटतो आणि शेजारचा ४५ ला पण धरून असतो. ड्राइव्हचं वेगळं, म्हणजे व्हीएफडी, मोटरचा स्पीड कमी-जास्त करतो तो. त्याच्या आत डीसी बस असते, म्हणजे एसीची डीसी करून धरणारा भाग, ४१५ व्होल्टच्या सप्लायला साधारण ५८५ व्होल्टची, ती ठरलेल्या आकड्याच्या खाली आली की स्क्रीनवर अंडरव्होल्टेज दाखवून ड्राइव्ह हात वर करतो. मग होतं काय की झटक्यात सगळं एकदम बंद पडत नाही, अर्धं पडतं आणि अर्धं चालू राहतं, आणि हे पूर्ण अंधारापेक्षा वाईट. पल्पर (गर काढणारं मशीन) चालू, फीड पंप (तो पुढे ढकलणारा) बंद. कन्व्हेयर चालू, सीमर (डब्याला झाकण बसवणारं मशीन) बंद. मागून माल येतोय आणि पुढे घ्यायला कोणी नाही.

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा असतो, सीझन फुल, तिन्ही शिफ्ट चालू, गेटबाहेर क्रेट भरलेल्या पिकअपची लाइन लागलेली, आणि दुपारी चारनंतर सह्याद्रीच्या बाजूने ढग चढायला लागतात. वळवाचं वातावरण झालं की मी घरी असलो तरी मोबाइल हातातून ठेवत नाही. फोन येतोच.

"दादा, परत मारला."
"काय काय पडलं?"
"फीड पंप, हॉट वॉटरचा पंप, सीमर. पल्पर चालू होता, मी बंद केला."
"डायव्हर्ट झाला ना?"
"झाला. पण नळीत माल आहे सगळा."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की पुढचे दोन तास गेले असं समजायचं. अ‍ॅसेप्टिक लाइनला पल्प नळ्यांमधून जातो, बाहेरून गरम पाणी फिरत असतं, पल्प १०० डिग्रीच्या वर चढतो, होल्डिंग ट्यूबमध्ये ठरलेले सेकंद काढतो, मग थंड होऊन निर्जंतुक पिशवीत जातो आणि पिशवी ड्रममध्ये. एका ड्रमला २०० किलोच्या वर माल. आता फीड पंप थांबला की पल्प आहे तिथेच नळीत उभा राहतो. हापूसचा पल्प १६ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) आसपास किंवा वर, साखर भरपूर, तापलेल्या नळीला चिकटून राहिला की करपायला वेळ लागत नाही. तापमान घसरलं किंवा सप्लाय गेला की डायव्हर्जन व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर आपोआप फिरतो आणि पल्प पिशवीकडे न जाता मागच्या टाकीत वळतो, तो तसा बनवलाच आहे आणि तो वळलाच पाहिजे, नाहीतर कच्चा माल निर्जंतुक पिशवीत जाईल. पण एकदा का ही साखळी तुटली की पुढची लाइन निर्जंतुक आहे असं छातीठोक सांगता येत नाही. मग नळीतला पल्प पाण्याने ढकलून बाहेर काढा, सोडा फिरवा, पाणी फिरवा, अ‍ॅसिड फिरवा, परत पाणी, मग सगळी लाइन वाफेवर आणि गरम पाण्यावर परत निर्जंतुक करा, तापमान धरून ठेवा, क्यूसी म्हणजे क्वालिटी तपासणारा सही करेल तेव्हा माल सोडा. पाणी आणि पल्प जिथे मिसळले तो सगळा गोळा इटीपीकडे, म्हणजे सांडपाण्याच्या प्लँटकडे, आणि तिथला माणूस वेगळा ओरडतो कारण आंब्याच्या रसाने त्याच्या टाकीवरचा लोड एकदम चढतो.

आणि मागच्या टाकीत जो वळवला तो पल्प फुकट जात नाही, तो परत तापवला जातो, पण दोनदा शिजलेला हापूस तुम्ही बघितलात तर तुम्हाला पण कळेल. केशरी पिवळा होता तो मातकट होतो आणि वास जातो. हापूसच्या पल्पला जास्त पैसे मिळतात ते रंगाचे आणि वासाचेच. घेणारा सॅम्पल बघतो आणि म्हणतो हा आम्ही मिक्सला घेऊ, दर अमुक. तिथे तुमच्या बातमीतल्या दराचा एक छोटा तुकडा गळाला बघा. सगळा दर ह्यानेच पडतो असं मी म्हणत नाही, मागणी, दुसऱ्या राज्यातला स्वस्त पल्प, डब्याचा खर्च, सगळं आहेच. पण ज्या फॅक्टरीला सीझनभर असे बॅच खाली उतरवावे लागतात ती पुढच्या वर्षी आंबा घेताना हातचं राखूनच बोलणार. आणि लाइन दोन तास उभी राहिली तर गेटवरचा पिकअपवाला पण दोन तास उभा राहतो, कॅनिंगचा आंबा आधीच पिकलेला, डागी, मार लागलेला असतो, तो उन्हात ताडपत्रीखाली थांबला की आणखी उतरतो, आणि त्याचा वजनात आणि वटावात फटका बागायतदारालाच बसतो. फॅक्टरीत झटका बसला हे त्याला कोणी सांगत पण नाही.

डब्याच्या लाइनला तऱ्हा वेगळी. ८५० ग्रॅमचा डबा असो की ३.१ किलोचा, पल्प गरम भरायचा, गरम असतानाच झाकण सीम करायचं, मग उकळत्या पाण्यात शिजवून थंड करायचा. आंबा आंबट फळ आहे, पीएच साडेचारच्या खाली, म्हणून उकळत्या पाण्यावर भागतं, मटार-मशरूमसारखा प्रेशरचा रिटॉर्ट लागत नाही. पण गरम भरण्यावर आतला व्हॅक्यूम अवलंबून. सीमर झटक्याने थांबला की फिलर आणि सीमरच्या मधले डबे तोंड उघडं ठेवून गार होतात, ते तसेच सीम केले तर व्हॅक्यूम बसत नाही, आणि जो डबा सीमरच्या रोलखाली अर्धा दाबलेला होता त्याचा सीम कधीच भरवशाचा नसतो. आमच्याकडे एक काकी आहेत पॅकिंगला, त्या झटका बसला की कोणी न सांगता सीमरखालचे आणि मागचे डबे उचलून बाजूला काढतात आणि खडूने फुली मारतात. कुठल्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) लिहिलेलं नव्हतं, त्यांचं बघून नंतर लिहिलं. फुलीचा डबा तसाच गेला तर आज काही होत नाही, गोडाऊनमध्ये महिन्या-दोन महिन्यांनी फुगतो किंवा गळतो.

आणि रेकॉर्ड. आता सगळं कागदावर दाखवावं लागतं, एफएसएसएआय आहे, एक्स्पोर्टवाल्यांचे ऑडिट आहेत. तापमानाचा चार्ट सलग पाहिजे. झटक्यात पीएलसी (लाइन चालवणारा कंट्रोलर) किंवा रेकॉर्डर रीसेट झाला की चार्टमध्ये फट पडते. माल कदाचित चांगला असेल पण त्या फटीत तापमान किती होतं हे कोणाला दाखवता येत नाही, मग बॅच होल्डवर. ऑडिटर बोट ठेवतो तिथे आणि विचारतो इथे काय झालं. त्याला सांगा लाइट लुकलुकली. तो म्हणतो वीज गेल्याचं पत्र आणा. कुठून आणणार, वीज कंपनीच्या रजिस्टरला तर लाइट गेलेलीच नाही!

मुद्दा इथेच आहे साहेब. वीज कंपन्यांचा भरवसा मोजायला सायडी आणि सायफी असे दोन आकडे असतात, वर्षात सरासरी किती वेळ लाइट गेली आणि किती वेळा गेली. दोन्हीत लाइट जावी लागते. आमच्याकडे व्होल्टेज २३० वरून १४० वर आलं आणि परत गेलं, त्याला जाणं म्हणत नाहीत. आमचा एचटी म्हणजे हाय टेन्शनचा मीटर कितीही भारी असला तरी तो अर्ध्या-पाव तासाची सरासरी धरून ठेवतो, त्या सरासरीत पाव सेकंदाचा खड्डा बुडून जातो. म्हणजे ज्या गोष्टीने आमचे बॅच जातात ती कुठेच नोंदली जात नाही, आणि जी नोंदली जात नाही तिच्यासाठी बजेट कोण देणार. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाची २०२१ ची नियमावली आहे, सप्लाय कोड आणि सेवेच्या मानकांची, तिच्या नावातच पॉवर क्वालिटी हा शब्द घातलाय. लो टेन्शनला व्होल्टेज वर-खाली ६ टक्के ही मर्यादा तर खूप जुनी, म्हणजे ४१५ च्या ठिकाणी ३९० ते ४४०. कागद आहे. मोजमाप आमच्यापर्यंत येत नाही एवढंच.

आता हे झटके येतात कुठून. लोकांना वाटतं सबस्टेशनवाला मुद्दाम करतो, तसं काही नाही. सबस्टेशनमधून पाच-सहा फिडर, म्हणजे वेगवेगळ्या भागांना जाणाऱ्या लाइनी, निघतात, आमचा त्यातला एक. शेजारच्या फिडरवर कुठेतरी माडाची झावळी पडली, काजूची फांदी वाऱ्याने तारेला घासली, वानराने उडी मारली, वटवाघूळ दोन तारांत अडकलं, की तिथे शॉर्ट होतं आणि त्या फिडरचा ब्रेकर उघडेपर्यंत सगळ्या बसचं, म्हणजे सगळे फिडर जिथून निघतात त्या पट्टीचं, व्होल्टेज खाली खेचलं जातं. त्या फिडरवाल्यांची लाइट जाते. आमची जात नाही, नुसती बसते आणि उठते. ब्रेकर किती लवकर उघडतो ते रिलेच्या (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावतो तो) सेटिंगवर, कुठे दशांश सेकंदात, कुठे पाऊण सेकंद लागतो, आणि आमच्या बाजूने बघितलं तर जगणं-मरणं त्यातच. त्यात कोकणात समुद्राचं खारं वारं. उन्हाळाभर इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, कोरडा असतो तोवर काही करत नाही, पहिला भुरभुर पाऊस किंवा पहाटेचं दव पडलं की तो थर ओला होऊन करंट त्याच्यावरून चालायला लागतो आणि फ्लॅशओव्हर. मोठ्या पावसात इन्सुलेटर धुतले जातात, म्हणून जुलैत कधीकधी मे-जूनपेक्षा बरं असतं, हे बाहेरच्या लोकांना सांगितलं तर पटत नाही.

एक गंमत सांगतो जी मला कोणी शिकवली नव्हती, पॅनेलवर कोण सुटतो कोण राहतो ह्याची वही ठेवायला लागलो तेव्हा कळली. गावठी भाषेत सांगायचं तर ११ केव्हीच्या एका तारेला जमिनीचा फॉल्ट झाला तर आपल्या डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या बाजूला तिन्ही फेज सारखे पडत नाहीत. वाईटात वाईट धरलं, वरची ती तार पार शून्यावर आली, तरी खाली दोन फेज ५८ टक्क्यांवर येतात, म्हणजे २३० चे १३३, आणि तिसरा जागेवरच असतो. आता तुमच्या पॅनेलची कंट्रोल सप्लाय, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या कॉइलना मिळणारी लाइट, जर पडणाऱ्या फेजवर असेल तर कॉन्टॅक्टर सुटणार, जागेवर राहणाऱ्यावर असेल तर तुम्हाला कळणार पण नाही. म्हणूनच शेजारच्या युनिटवाला म्हणतो आमच्याकडे काही झालं नाही, तुमचंच वायरिंग खराब आहे. त्याचं नशीब आर फेजवर, आमचं वाय फेजवर, एवढाच फरक.

ह्यावर मालक लोक काय करतात? पहिलं म्हणजे सर्व्हो स्टॅबिलायझर घेतात. विकणारा पण सांगतो साहेब व्होल्टेजचा प्रॉब्लेम ना, हा घ्या. सर्व्होमध्ये मोटर फिरून कार्बन ब्रश सरकतो आणि मग व्होल्टेज दुरुस्त होतं, त्याला सेकंद लागतात, तो ब्रश सरकायला लागेपर्यंत झटका येऊन गेलेला असतो. सर्व्हो वाईट नाही, संध्याकाळी ३७०-३८० वर रेंगाळणाऱ्या गावच्या फिडरला तो पाहिजेच, पण झटक्याला त्याचा उपयोग शून्य. दुसरं, जनरेटर. ऑटो पॅनेल असला तरी चालू होऊन लोड घ्यायला दहा-पंधरा सेकंद जातात, तेवढ्यात लाइन पडलेलीच आहे. मग काही जण वैतागून वळवाच्या दिवशी संध्याकाळपासून पूर्ण फॅक्टरी डिझेलवरच घेतात. डिझेलचं युनिट पंचवीस रुपयांच्या वर पडतं, आणि जनरेटर म्हणजे ग्रिडपेक्षा कमजोर सोर्स, त्याच्यावर चिलरचा मोठा कॉम्प्रेसर चालू झाला की तो स्वतःच झटका देतो. मोटर डायरेक्ट चालू केली तर सहा-सात पट करंट ओढते. म्हणजे वीज कंपनीला शिव्या देऊन आपणच आपल्या घरात सॅग तयार करायचा.

माझं मत स्पष्ट सांगतो, मालक लोकांना आवडणार नाही. झटका वीज कंपनीच्या लाइनवर तयार होत असला तरी निम्मं दुखणं आपल्या पॅनेलमध्ये आहे आणि ते स्वस्तात बरं होतं. अख्ख्या फॅक्टरीला झटक्यातून वाचवायची गरजच नाही, मोठी मोटर अर्धा सेकंद कमी व्होल्टेजवर राहिली तर ती तिच्या वजनाने फिरतच असते, तिला काही होत नाही. सुटतो तो तिचा कॉन्टॅक्टर, कॉइल केवढीशी, काही वॅटची. कंट्रोल सप्लाय, पीएलसी, तापमानाचा रेकॉर्डर आणि व्हॉल्व्हचे सोलेनॉइड एवढंच एका छोट्या ऑनलाइन यूपीएसवर घ्या, १ केव्हीएला निघतं, पंधरा-वीस हजारांचा मामला. किंवा कॉइल २४ व्होल्ट डीसी करा आणि पॉवर सप्लाय एका फेजवर न टाकता दोन फेजमध्ये टाका. एवढ्याने निम्म्याहून जास्त ट्रिपिंग बंद होतं हा आमचा अनुभव. फक्त इमर्जन्सी स्टॉपची लाइन यूपीएसवर घेताना नीट बघून, बटन दाबल्यावर यूपीएसने कॉन्टॅक्टर धरून ठेवला असं व्हायला नको.

ड्राइव्हमध्ये पण सेटिंग असतात, पण मॅन्युअलची ती पानं कोणी उघडत नाही. झटक्यात फिरत्या मोटरची ताकद उलटी घेऊन डीसी बस तगवायची सोय बऱ्याच ड्राइव्हमध्ये असते. बॉयलरच्या आयडी फॅनला, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याला, ती मस्त चालते कारण फॅनच्या पंख्यात फिरण्याचा जोर असतो. पल्पच्या पंपाला चालत नाही, तो घट्ट माल ढकलतो, सप्लाय गेला की जागेवर थांबतो, त्याला वेगळं काहीतरी द्यावंच लागतं. आणि ऑटो रीस्टार्ट सरसकट लावू नका. पल्पर, डिस्टोनर (कोय वेगळी करणारं मशीन), सॉर्टिंगचा पट्टा, जिथे बायका हात घालून काम करतात तिथे झटक्यानंतर मशीन आपोआप चालू झालं तर बोटं जातील. लाइन उभी राहिली तरी चालेल. निर्जंतुकीकरणाच्या लाइनला पण परत माल सोडायचा की नाही हे क्यूसीच्या माणसानेच ठरवायचं, ड्राइव्हने नाही.

बाकी हार्मोनिक्स (ड्राइव्हमुळे विजेच्या लाटेत येणारी बिघाड), कपॅसिटर फुगणं हे सगळं आहे, त्यात शिरत नाही, एवढंच सांगतो की ड्राइव्ह वाढवत गेलात आणि पॅनेलमध्ये साधे कपॅसिटर ठेवलेत तर ते फुटणार, पाचव्या-सातव्या हार्मोनिकशी त्यांचं जमतं, रिअ‍ॅक्टरवाले घ्या. एप्रिल २०२० पासून एचटीला केव्हीएएच बिलिंग आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर पडला की बिल वाढतं, म्हणून प्रत्येकजण पॉवर फॅक्टर एकच्या जवळ ठेवायला कपॅसिटर ठोकत सुटलाय, आणि रात्री लोड कमी झाल्यावर ते चालूच राहिले की व्होल्टेज चढतं. अनबॅलन्सचं मात्र सांगितलंच पाहिजे. फेज-फेजमध्ये व्होल्टेजचा फरक दोन-तीन टक्के दिसला तर लोक म्हणतात चालतंय, पण मोटरच्या करंटमध्ये तोच फरक सहा ते दहा पट होऊन दिसतो आणि वाइंडिंग तापतं. त्यात आमची जांभ्याची जमीन, मे महिन्यात वाळून खडखडीत, अर्थिंगचा रेझिस्टन्स चढलेला. सीझनच्या आधी अर्थपिटमध्ये पाणी घालायला माणूस लावा, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

हे झालं आमच्या बाजूचं. आता वीज कंपनीकडे मागणं काय. नवीन सबस्टेशन द्या, सगळ्या तारा जमिनीखालून न्या, असं मी म्हणणार नाही, ते होईल तेव्हा होईल. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते १६ मे २०२१ ला आमच्या किनाऱ्यावरून गेलं, खांब आडवे झाले, त्या वेळी लाइनमन लोकांनी जे काम केलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार टाइमटेबलची आहे. मान्सूनपूर्व देखभाल म्हणून फांद्या तोडणं, जंपर बदलणं, इन्सुलेटर बघणं हे सगळं कधी निघतं, तर मे महिन्यात, आमच्या बरोबर सीझनच्या मध्यात, आणि त्यासाठी शटडाऊन पण तेव्हाच. म्हणजे एप्रिल-मेच्या वळवात फांद्या तारेला घासून झटके देणार, आणि त्या तोडायला आल्यावर परत लाइट बंद. ही कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये का नाही होत? कोकणात झाडाची खरी वाढ पावसात, पाऊस संपल्यावर फांदी तोडली तर ती मेपर्यंत तारेला पोचत नाही. इन्सुलेटर पुसायचं काम तेवढं एप्रिलच्या शेवटी ठेवा कारण मीठ उन्हाळाभर साठतं. आंब्याचा सीझन कधी असतो हे रत्नागिरीत कोणाला विचारावं लागत नाही.

दुसरं मागणं, ज्या सबस्टेशनवर फूड प्रोसेसिंगचे लोक आहेत तिथे एक चांगला पॉवर क्वालिटी मीटर बसवा, झटका पकडणारा, आणि महिन्याला एक साधा तक्ता द्या, किती झटके, किती खोल, किती वेळ, कुठल्या फिडरच्या फॉल्टमुळे. आम्ही आमच्या बॅचच्या वहीशी लावून बघू. हे फक्त पल्पवाल्यांसाठी नाही, मिरकरवाड्याकडे मासळी फ्रीज करणारे आहेत, बर्फवाले आहेत, दूध संघांचे चिलिंग प्लँट आहेत, सगळ्यांचे कॉम्प्रेसर ह्याच झटक्याने पडतात. कुठल्या फिडरवर जास्त फॉल्ट होतात ते कळलं तर त्याच फिडरच्या चार किलोमीटरवर कव्हर्ड कंडक्टर (वरून आवरण असलेली तार) टाकून आणि रिलेचं टायमिंग जुळवून बरंच काम होईल. त्याला नवीन सबस्टेशन लागत नाही.

आणि बचत गटांचं विसरू नका. आता गावोगाव आंबापोळी, फणसपोळी, कोकम सरबताची छोटी युनिट उभी राहतायत, पीएमएफएमई ह्या छोट्या अन्न प्रक्रिया युनिटांच्या केंद्राच्या योजनेत मशीनला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख सबसिडी मिळते. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ड्रायर असतो, पल्पर असतो, सीलिंग मशीन असतं. फेज प्रोटेक्शन रिले, सर्ज प्रोटेक्टर, कंट्रोलचा यूपीएस मी तरी एकाही रिपोर्टमध्ये बघितला नाही, आणि बहुतेक युनिट गावच्या १०० केव्हीएच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), जिच्यावर पिठाची गिरणी, वेल्डिंगवाला आणि पाण्याचे पंप आधीच आहेत. एक फेज गेला आणि ड्रायरच्या ब्लोअरची मोटर जळली की त्या बायकांचा सीझन संपला, कारण मे महिन्यात रिवाइंडिंगवाल्याकडे नंबर लागलेला असतो. बँकेने आणि कृषी खात्याच्या माणसाने रिपोर्ट पास करताना ह्या तीन ओळी घालायला लावल्या तरी पुरे.

तुमच्या पेपरचे वार्ताहर वीज कंपनीच्या पत्रकार परिषदेला जातात तेव्हा एवढं एकच विचारा की मान्सूनपूर्व कामाचं वेळापत्रक ह्या वर्षी कुठल्या महिन्यापासून आहे आणि ते आधी जाहीर करणार का. तारखा महिनाभर आधी कळल्या तर आम्ही त्याच दिवशी बॉयलर साफ करायला काढू, गेटवर पण सांगून ठेवू की त्या दिवशी गाडी आणू नका.

कळावे,
एक मेंटेनन्सवाला
ता. जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती, नोकरी आहे.)